विश्वेश्वरय्या आणि पुस्तकाबाहेरचे प्रश्न

अल खोर : दोह्याच्या उत्तरेस सुमारे ५० किलोमीटरवर वसलेले हे गाव एकेकाळी समुद्रतळाचे मोती काढणाऱ्यांचे होते. आज रास लफानच्या वायुप्रकल्पांत काम करणाऱ्यांची वसाहत ही त्याची दुसरी ओळख. त्या वसाहतीत मराठी अभियंत्यांची घरेही आहेत. अशा घरांतील पदवीधर मुले सल्लागार कंपन्यांच्या मुलाखतींना बसू लागली, की त्यांच्यापुढे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसलेले प्रश्न येतात. अल खोरला दिवसाकाठी किती पाणी लागत असेल? नदी नसलेल्या देशात ते निम्म्यावर आणायचे झाल्यास काय कराल? असे प्रश्न ऐकून गोंधळून जाणाऱ्याने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे चरित्र जरूर वाचावे. त्यांची निम्मी कारकीर्द मुंबई इलाख्याच्या चाकरीत गेली आणि त्या काळात बहुधा प्रत्येक नेमणुकीने त्यांच्यापुढे असाच एखादा प्रश्न ठेवला.

मैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे जन्मगाव. वडील लवकर वारले. बंगळूरमध्ये शिकवण्या करून त्यांनी पदवी मिळवली आणि संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते पहिले आले. पुढच्याच वर्षी सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली.

खानदेशातील सुरुवातीच्या कामाने त्यांना पहिला धडा दिला. पांझरेच्या पाण्याच्या एका कामात पावसाळा आडवा आला, तेव्हा काम पुढे ढकलण्याची परवानगी त्यांनी मागितली. वरिष्ठांची नापसंती पदरी पडली. मग तरुण अभियंत्याने अडचणींसह ते काम तडीस नेले. यानंतर नुसती अडचण कळवून थांबण्याची सवय त्यांनी कधी लावून घेतली नाही.

सिंधमधील सक्कर येथे शहराला शुद्ध पाणी हवे होते. पण गाळणयंत्रणा उभारण्याइतका पैसा नगरपालिकेकडे नव्हता. पैसा कोठून आणावा, हा सरळ प्रश्न होता. विश्वेश्वरय्यांनी तो बाजूला ठेवला आणि गाळणी म्हणजे नेमके काय, येथून विचाराला सुरुवात केली. गाळणीत मुख्यतः वाळूच असते आणि वाळू तर सिंधू नदीच्या पात्रात अमाप होती. त्यांनी पात्रातच विहीर घेतली. वाळूच्या थरांतून झिरपून आलेले पाणी तेथून टेकडीवर चढवले आणि गावाला पुरवले.

पुण्याजवळ खडकवासल्याला प्रश्न वेगळा होता. वाढत्या गरजेला साठा अपुरा पडत होता. धरणाची भिंत उंचवावी, हा कोणालाही सुचणारा मार्ग; पण जुन्या भिंतीवर नवा भार टाकणे धोक्याचे आणि खर्चाचे. दरवर्षी सांडव्यावरून वाहून जाणाऱ्या पाण्याकडे त्यांनी पाहिले. १९०३ मध्ये तेथे त्यांच्या रचनेचे स्वयंचलित दरवाजे बसले. पातळी ठरलेल्या मर्यादेपर्यंत चढेतोवर हे दरवाजे पाणी अडवत. पूर वाढला की आपोआप उघडत आणि ओसरला की पुन्हा मिटत. भिंतीला हात न लावता सुमारे ८ फूट जास्त पाणी साठू लागले. या रचनेचे एकस्व त्यांच्या नावे होते, तरी सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचे स्वामित्वधन घेणे त्यांनी नाकारले.

नीरा कालव्यावर तर प्रश्न माणसांचा होता. उसाचे मळे असलेल्यांकडे पाणी भरपूर जाई आणि इतर गावे कोरडी राहत. त्यांनी आखलेल्या ब्लॉक पद्धतीत ठराविक क्षेत्रात उसाबरोबर इतर पिकांची फेरपालट ठरवली गेली, जेणेकरून तेवढेच पाणी अधिक गावांना पुरावे. बागायतदारांनी आरंभी विरोध केला. त्यांना आकडे मांडून समजावणे हाही त्या उत्तराचाच भाग होता.

१९०६ मध्ये त्यांना अरबस्तानच्या दक्षिण टोकाला, एडनला पाठवण्यात आले. एडनचा कारभार तेव्हा मुंबई सरकारकडे होता. ओसाड बंदरात पाणी शोधत बसण्याऐवजी आतल्या डोंगरांत पडणारा पाऊस कोठे मुरतो याचा त्यांनी माग काढला आणि उत्तरेकडील लाहेज भागातील नदीपात्रात विहिरी घेऊन पाणी आणण्याची योजना मांडली. सक्करचा अनुभव वाळवंटात कामी आला.

१९०८ मध्ये मुंबई सरकारच्या नोकरीतून त्यांनी निवृत्ती मागितली. त्या काळी सर्वोच्च पदाची वाट हिंदी अभियंत्याला जवळपास बंद होती. त्याच वर्षी सप्टेंबरात मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले आणि निजाम सरकारने सल्ल्यासाठी त्यांना बोलावले. शहराचे रक्षण शहरात नव्हे, तर वरच्या बाजूला पाणी अडवून होईल, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. त्यानंतर ते मैसूरचे मुख्य अभियंता आणि १९१२ पासून दिवाण झाले. कृष्णराजसागर धरण याच काळातले.

त्यांची एक बाजू मात्र आजच्या उमेदवारांनीही तितक्याच गांभीर्याने पाहावी. सरकारी नोकऱ्यांत मागास समाजांना अधिक जागा देण्याकडे महाराजांचा कल झाला, तेव्हा विश्वेश्वरय्यांनी त्याला विरोध केला आणि १९१८ मध्ये दिवाणपद सोडले. निवड केवळ गुणवत्तेवर व्हावी, अशी त्यांची धारणा होती. धरणाच्या प्रश्नात पाणी कोठून येते हे आधी शोधणाऱ्या या माणसाने येथे परीक्षेपर्यंत कोण पोहोचू शकतो, हे शोधले नाही. शिष्यवृत्ती नसती तर ते स्वतःही पुण्याला पोहोचले नसते. मिळालेला प्रश्न उलगडून पाहण्याची त्यांची सवय या एका ठिकाणी थांबली.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, त्यांचे निधन झाले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

अल खोरच्या पाण्याचा अंदाज विचारला गेला, तर नेमका आकडा कोणाच्याही तोंडपाठ नसतो आणि मुलाखत घेणाऱ्यालाही तो नको असतो. माणसे किती, घरात लागते किती, बागांना जाते किती, गळते किती, असे तुकडे पाडत जावे. प्रत्येक तुकड्याला सुचलेला आकडा कशावरून धरला ते सांगावे, आणि चुकीचा वाटला तर बदलावा. त्याआधी मात्र एक गोष्ट विचारून घ्यावी : हे पाणी कोणाकोणाचे मोजायचे आहे? वसाहतीतील बंगल्यांचे, की कामगारांच्या निवासांचेही? उत्तराचा आकडा तेथेच ठरतो.