राज्य नसलेल्या देशाचा वकील

मराठेशाहीत परदरबारी बसणाऱ्या वकिलाचे शब्द गोड असत, पण ते ऐकणाऱ्याचे कान त्या शब्दांमागील घोडदळाकडे लागलेले असत. पेशव्यांचा वकील हैदराबादेस अथवा श्रीरंगपट्टणास काय बोलतो, यापेक्षा पुण्यातून किती फौज निघू शकते याला अधिक मोल होते. हे साधन हाती नसताना दौत्य करण्याचा प्रसंग विसाव्या शतकाच्या आरंभी एका मराठी माणसावर आला. त्याच्या देशाला स्वतःचे राज्य नव्हते, परराष्ट्रखाते नव्हते, झेंडाही नव्हता. तरीही लंडनमध्ये भारतमंत्र्याशी आणि प्रिटोरियात पंतप्रधानांशी तो समोरासमोर बसून बोलला. गोपाळ कृष्ण गोखले हे राजदूत कधीच नव्हते. परंतु त्यांच्या कारकीर्दीचा बराच मोठा भाग ज्या कामात गेला, त्याला दौत्य याखेरीज दुसरे नाव देता येणार नाही.

९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. गोपाळरावांच्या तेराव्या वर्षी ते वारले आणि घराचा भार थोरल्या भावावर आला. गोविंदरावांना पगार पंधरा रुपये. त्यांतील आठ रुपये ते धाकट्याच्या शिक्षणासाठी दरमहा पाठवीत. उरलेल्या सातांत त्यांनी प्रपंच कसा चालवला असेल, याचा हिशेब आजच्या कोणत्याही कारकुनाने करून पाहावा. या आठ रुपयांवर कोल्हापूरचे राजाराम, पुण्याचे डेक्कन आणि मुंबईचे एल्फिन्स्टन अशी तीन महाविद्यालये पार करून गोखले १८८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पदवीधर झाले. पैशापैशाचा जमाखर्च मांडण्याची सवय त्यांना लागली ती अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून नव्हे, या काळात.

पुढची अठरा वर्षे शिक्षकी पेशाची. न्यू इंग्लिश स्कूल, मग फर्ग्युसन महाविद्यालय. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय पदरात पडेल तो शिकवायचा. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून वापरले गेले. याच काळात न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली त्यांची खरी उमेदवारी झाली. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक चालवताना सरकारी अहवालांचे आणि अंदाजपत्रकांचे ढीग वाचायचे, त्यांतील आकडे पारखायचे आणि एकही शब्द पुराव्याबाहेर जाऊ द्यायचा नाही, अशी ती शिस्त होती.

ती शिस्त एकदा मोडली आणि तिची किंमत जबर बसली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी १८९७ मध्ये गोखले इंग्लंडला गेले. ती साक्ष उत्तम झाली. तिकडे पुण्यात प्लेगच्या तपासणीला लावलेल्या गोऱ्या सोजिरांच्या वर्तनाविषयी मित्रांची पत्रे त्यांना येत होती. त्या पत्रांवर विसंबून स्त्रियांवरील अत्याचाराचे गंभीर आरोप त्यांनी तेथील वृत्तपत्रातून प्रसिद्ध केले. परत आल्यावर पुराव्याची मागणी झाली, तेव्हा पत्रलेखकांपैकी कोणीही पुढे येण्यास तयार होईना. गोखल्यांनी त्यांची नावे उघड केली नाहीत आणि गव्हर्नरची व सैनिकांची जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची छी-थू झाली. भित्रेपणाचा तो शिक्का अनेकांच्या मनातून पुढे कधीच गेला नाही. तथापि पत्रे लिहिणारे घरात बसले आणि ज्याने ती खरी मानली तो एकटा चव्हाट्यावर उभा राहिला, ही वस्तुस्थिती टीकाकारांनी कधी ध्यानात घेतली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

१९०२ मध्ये दरमहा तीस रुपये पेन्शनवर ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि वरिष्ठ कायदेमंडळात गेले. तेथे सरकारी सभासदांचे बहुमत ठरलेले असे. मतदानाने काहीच जिंकता येत नाही, अशा सभागृहात वाद घालायचा तर समोरच्याला त्याच्याच आकड्यांत पकडावे लागते. २६ मार्च १९०२ च्या अंदाजपत्रकावरील पहिल्याच भाषणात त्यांनी ते केले. दरवर्षी शिल्लक पडते हे सरकार भरभराटीचे लक्षण म्हणून मिरवत होते. गोखल्यांनी दाखवून दिले, की १८९३ मध्ये टांकसाळी बंद करून रुपयाचा भाव कृत्रिम रीतीने चढवल्यामुळे विलायतेस पाठवायच्या रकमेपोटी सरकारचे रुपये कमी लागतात, कर मात्र जुन्याच चढ्या दराने घेतले जातात. शिल्लक होती ती रयतेच्या खिशातून जास्तीचे काढलेले पैसे होती. दुष्काळ आणि प्लेग यांनी देश पिचून गेला असता खजिन्यात भर पडावी, यातच धोरणाचे चुकलेले गणित दिसत होते.

मिठावरील कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. याचे सारे श्रेय एकट्या गोखल्यांना देणे अतिशयोक्तीचे होईल. पण दरवर्षी हा प्रश्न सभागृहात उभा करणारा माणूस तो होता. या सवलतीची व्याप्ती ब्रिटिश मुलखापुरती नव्हती, हे सहसा सांगितले जात नाही. जालना जिल्ह्यातील जांब समर्थ हे रामदासस्वामींचे जन्मगाव त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. तेथील कुणब्याला कलकत्त्याच्या कायदेमंडळात प्रतिनिधी नव्हता आणि हैदराबादेतही नव्हता. परंतु किनाऱ्यावरच्या मिठागरांतून निघणारे मीठ इंग्रजी कर भरूनच बाहेर पडे, त्यामुळे ते बाजारात आले की किमतीत तो कर असेच. ज्यांनी गोखल्यांचे नावही ऐकले नसेल अशा माणसांची वकिली त्या भाषणांतून झाली.

१९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला, त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले आणि इंग्लंडच्या वाऱ्या सुरू झाल्या. भारतमंत्री मोर्ले यांच्याशी १९०६ आणि १९०८ मध्ये त्यांच्या वारंवार भेटी झाल्या. या वाटाघाटींतून १९०९ च्या सुधारणा आल्या खऱ्या; पण पदरात पडले ते मागितल्याहून फार थोडे, आणि त्यासोबत विभक्त मतदारसंघ आले. दरम्यान १९०७ मध्ये सुरतेस काँग्रेस फुटली, १९०८ मध्ये टिळक मंडालेस गेले. भारतमंत्र्याच्या दिवाणखान्यात बसून स्वराज्य मिळत नाही, हा टिळकपक्षाचा आक्षेप निराधार नव्हता. गोखल्यांनाही आपल्या पद्धतीच्या मर्यादा कळत असाव्यात. मार्च १९११ मध्ये त्यांनी मांडलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढच्या वर्षी १९ मार्चला ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. त्याआधी काही दिवस, गिरमिट पद्धत सर्वत्र बंद करावी हा त्यांचा ठरावही नामंजूर झाला होता. एक गोष्ट मात्र त्यांनी १९१० मध्येच साधली होती: नाताळसाठी मजूर भरती बंद करण्याचा ठराव सरकारने स्वीकारला आणि १ जुलै १९११ पासून ती भरती थांबली.

नाताळचे प्रकरण काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. उसाच्या मळ्यांसाठी १८६० पासून तेथे हिंदी मजूर नेले जात. पाच वर्षांचा करार संपल्यावर मजुराने पुन्हा करार करावा नाहीतर मायदेशी जावे, यासाठी १८९५ च्या कायद्याने करारमुक्त मजुरावर वर्षाला तीन पौंडांचा डोईपट्टीवजा कर बसवला. मूळ सूचना पंचवीस पौंडांची होती. ती हिंदुस्थान सरकारने तीनवर आणली आणि तेवढ्याला संमती दिली. पुढे स्त्रिया आणि वयात आलेली मुलेही त्याखाली आली. नवरा, बायको आणि दोन मोठी मुले अशा घरावर हा बोजा बारा पौंडांचा, आणि कर्त्या पुरुषाची मिळकत महिन्याला चौदा शिलिंगांच्या वर क्वचित. म्हणजे वर्षाची कमाई साडेआठ पौंडांच्या आतबाहेर आणि कर बारा पौंड! हा कर उत्पन्नासाठी बसवलेलाच नव्हता. माणसाला पुन्हा वेठीला जुंपणे, हाच त्याचा उद्देश होता.

गांधींच्या निमंत्रणावरून २२ ऑक्टोबर १९१२ रोजी गोखले केपटाउनला उतरले. प्रकृती मधुमेहाने पोखरलेली होती. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने त्यांना पाहुण्याचा मान दिला आणि प्रवासासाठी आगगाडीचा खास डबा दिला. जेथे हिंदी माणसाला पदपथावरून चालण्यावरूनही अपमान सोसावा लागे, तेथे त्याच्या प्रतिनिधीला सलूनमधून फिरवले जात होते. जोहान्सबर्गला झालेल्या सत्कारात सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले मानपत्र मिळाले. पण या दौऱ्यातील महाराष्ट्राला आवर्जून सांगावीशी गोष्ट निराळीच आहे. तेथे कोकणी मुसलमानांची बरीच वस्ती होती आणि गोखल्यांनी मराठीत बोलावे अशी त्यांची इच्छा होती. भाषांतर करायला गांधी तयार झाले, तेव्हा त्यांच्या मराठीच्या ज्ञानाबद्दल गोखल्यांनी त्यांची थट्टा केली. पण भाषण मराठीत झाले आणि गांधींनी ते लोकांना समजावून सांगितले. पुढे झांजिबारपर्यंत इंग्रजीची जरूर नसेल तेथे हाच क्रम राहिला. ज्यांच्या इंग्रजी वक्तृत्वाची लंडनमध्ये वाखाणणी होई, ते गोखले रत्नागिरीकडून गेलेल्या माणसांशी आफ्रिकेत घरच्या बोलीत बोलले.

१४ नोव्हेंबरला प्रिटोरियात पंतप्रधान बोथा, जनरल स्मट्स आणि फिशर या मंत्र्यांशी त्यांची भेट झाली. आदल्या रात्री जागून त्यांनी सगळा प्रश्न बारकाव्यांसह तयार केला. गांधी मुद्दामच भेटीला गेले नाहीत. ते असते तर मंत्री मोकळेपणाने बोलले नसते. सुमारे दोन तासांनी गोखले परतले ते समाधानाने. काळा कायदा जाईल, तीन पौंडांचा कर रद्द होईल, आणि गांधींनी वर्षभरात हिंदुस्थानात यावे, असे त्यांनी सांगितले. गांधींना तेवढी खात्री वाटत नव्हती. मात्र आश्वासन मिळाले ही घटनाच उपयोगी पडेल, असे त्यांचे मत होते, आणि त्या दोघांपैकी या बाबतीत शिष्य अधिक मुत्सद्दी ठरला.

कारण १९१३ उजाडले आणि शब्द फिरला. नाताळच्या गोऱ्यांचा विरोध असल्याने कर रद्द करता येत नाही, असे स्मट्सनी सांगितले. तसे वचन दिलेच नव्हते, असा पवित्रा सरकारने घेतला. वचन निःसंदिग्ध होते, असे गोखल्यांनी इकडून ठामपणे जाहीर केले. पण हाती कागद कोठे होता? १८९७ मध्ये कागद होते, साक्षीदार नव्हता. १९१२ मध्ये तर समोर बसलेले तिघेच साक्षीदार, आणि ते प्रतिपक्षाचे. वाटाघाटीच्या शेवटी मुद्दे लिहून घेऊन दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात, हा वकिली पेशाचा प्राथमिक पाठ. एवढ्या काटेकोर माणसाने तो का टाळला? बरोबरीच्या नात्याने बोलावलेल्या पाहुण्याने यजमानाकडे लेखी मागणे त्यांना अशिष्ट वाटले असावे. दुसरे कारण अधिक कटू आहे. लेखी करार दोन सरकारांत होतो; गोखले कोणत्याच सरकारचे नव्हते.

तरीही मोडलेल्या शब्दाने एक काम केले. तोवर सत्याग्रहाच्या मागण्यांत तीन पौंडांचा कर नव्हता. देशाच्या प्रतिनिधीला दिलेले वचन मोडले, म्हणून तो त्यांत आला आणि त्याबरोबर हजारो गिरमिटिये चळवळीत आले. हिंदी विवाह अवैध ठरवणाऱ्या मार्चमधील न्यायालयीन निकालाने स्त्रियाही पुढे आल्या. न्यूकॅसलच्या कोळसाखाणींत संप झाला. ६ नोव्हेंबरला २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले ट्रान्सवालच्या सरहद्दीकडे पायी निघाली.

इकडे गोखले अंथरुणाला खिळल्यासारखे होते, पण निधी गोळा करणे आणि लांबलचक तारा पाठवणे थांबले नाही. नोव्हेंबरअखेर व्हाइसरॉय हार्डिंज यांनी मद्रासला सत्याग्रहींविषयी उघड सहानुभूती दाखवली आणि चौकशीची मागणी केली. एका वसाहतीच्या सरकारविरुद्ध साम्राज्याचाच व्हाइसरॉय बोलला, हे गोखल्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे राजनैतिक यश मानावे लागेल. चौकशी समिती नेमली गेली, पण तीवर हिंदी सभासद नाही म्हणून गांधींनी बहिष्कार घातला. गोखल्यांना ते रुचले नाही. व्हाइसरॉयला आपण अडचणीत आणले असे त्यांना वाटले. मतभेद तीव्र होता, तरी त्यांनी अँड्र्यूज आणि पिअर्सन यांना गांधींच्या मदतीला धाडले आणि गांधींचा हट्ट स्वतःच्या नावावर निभावून नेला.

१९१४ च्या मध्यावर दक्षिण आफ्रिकेच्या संसदेने कायदा केला. तीन पौंडांचा कर गेला, थकबाकीही माफ झाली, विवाहांना मान्यता मिळाली. त्याच वर्षी सरकारने देऊ केलेला सर हा किताब गोखल्यांनी नाकारला. गांधी आफ्रिका सोडून त्यांना भेटायला लंडनला निघाले, तोच महायुद्ध पेटले आणि प्रकृतीसाठी फ्रान्सला गेलेले गोखले पॅरिसमध्ये अडकून पडले. भेट काही आठवड्यांनी झाली. जानेवारी १९१५ मध्ये गांधी मायदेशी आले. १९ फेब्रुवारीला गोखले पुण्यात वारले, तेव्हा गांधी शांतिनिकेतनात होते. गोखल्यांचे वय अठ्ठेचाळीस होते.

१९१२ मध्ये फेटाळलेला गिरमिटविरोधी ठराव मार्च १९१६ मध्ये मदनमोहन मालवीय यांनी त्याच सभागृहात पुन्हा मांडला. या खेपेस सरकारने तो स्वीकारला. मार्च १९१७ मध्ये वसाहतींसाठी मजुरांची भरती बंद झाली.