गाण्यांपलीकडचे वसंत देसाई

तिलारीच्या खोऱ्यातील दोडामार्गपासून थेट कुडाळपर्यंतच्या मुलखात कार्तिक महिना आला की ग्रामदेवतांच्या जत्रा सुरू होतात आणि दशावतारी नाटके रात्र रात्र रंगतात. या रंगभूमीला लिहिलेली संहिता नसते. नेपथ्यही नावापुरतेच असते. मंचावर येणारे पात्र देवाचे आहे की दानवाचे, राजा संतापला आहे की शोकाकुल झाला आहे, हे प्रेक्षकाला शब्दांच्या आधी मृदंगाच्या बोलांवरून, झांजेच्या ठेक्यावरून आणि पेटीच्या सुरावरून उमगते. संगीत हे तेथे नाटकाचे अलंकरण नसते; पात्राचा स्वभाव ठरविणारे ते साधन असते. त्या काळी सावंतवाडी संस्थानात असलेल्या या प्रदेशाने भारतीय चित्रपटसृष्टीला एक असा संगीतकार दिला, ज्याने हेच तत्त्व पडद्यावर आयुष्यभर जपले. ते म्हणजे वसंत कृष्ण देसाई.

वसंत देसाई म्हटले की सामान्य रसिकाला आठवतात त्या प्रार्थना. ‘दो आँखें बारह हाथ’ आणि ‘गुड्डी’ या चित्रपटांतील प्रार्थना देशभरातील शाळांत वर्षानुवर्षे म्हटल्या गेल्या. त्या म्हणणाऱ्या कित्येक मुलांना संगीतकाराचे नावही ठाऊक नसते. त्यांच्या कर्तृत्वाचा दुसरा भाग तर याहूनही अंधारात राहिला. तो म्हणजे पार्श्वसंगीत. गाणे गुणगुणता येते, त्याची ध्वनिमुद्रिका निघते, ते आकाशवाणीवर लागते. पार्श्वसंगीताच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. चित्रपट संपला की तेही प्रेक्षकाच्या मनात विरून जाते. तरीही पडद्यावरील माणूस आपल्याला आपला वाटावा की परका, याचा निर्णय पुष्कळदा तेच करीत असते.

देसाई यांचा जन्म १९१२ चा. कुडाळ भागातील सोनवडे हे त्यांचे गाव. १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते. आरंभापासूनच ते या संस्थेत दाखल झाले. १९३० च्या ‘खुनी खंजर’ या मूकपटात त्यांनी भूमिका केली. मूकपटाच्या काळात पडद्यावर शब्द नसत. चित्रपटगृहातील वादक पेटी-तबल्यावर जे वाजवीत, त्यावरच प्रसंगाचा रंग ठरे. दशावताराच्या मुलखातून आलेल्या तरुणाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नव्हते. पुढे १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला. गोविंदराव टेंबे यांचे संगीत लाभलेल्या या चित्रपटात देसाई यांनी अभिनय केला आणि गायनही केले.

प्रभातमधील ही वर्षे म्हणजे त्यांचे खरे विद्यापीठ होते. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव अशा दिग्गजांचे काम तेथे जवळून पाहावयास मिळत होते. १९३७ च्या ‘कुंकू’ या चित्रपटाचा येथे मुद्दाम उल्लेख करावा लागेल. व्ही. शांताराम यांनी या चित्रपटात रूढ अर्थाचे पार्श्वसंगीत टाळले होते. घड्याळाची टिकटिक, ग्रामोफोनचा सूर, रस्त्यावरचे आवाज यांतूनच जरठ-बाला विवाहाची घुसमट साकारली. सूर कोठे वापरू नये, हा धडा संगीतकाराला सूर कोठे वापरावा याहून अधिक उपयोगी पडतो. देसाई यांच्या पुढील कामात या संयमाच्या खुणा स्पष्ट दिसतात.

१९४२ मध्ये शांताराम यांनी मुंबईत राजकमल कलामंदिराची उभारणी केली आणि त्यानंतरच्या ‘शकुंतला’पासून (१९४३) स्वतंत्र संगीतकार म्हणून देसाई यांचे नाव झाले. ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६), ‘अमर भूपाळी’ (१९५१), आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३), ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) अशी ही मालिका वाढत गेली. ‘झनक झनक पायल बाजे’च्या पार्श्वसंगीतात त्यांनी शिवकुमार शर्मा या जम्मूच्या तरुणाचे संतूर वापरले. हिंदी चित्रपटाला या वाद्याचा परिचय घडला तो या चित्रपटातून. १९५९ च्या ‘गूंज उठी शहनाई’त नायकच शहनाईवादक होता. त्याच्यासाठी देसाई यांनी उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची शहनाई घेतली. नायकाच्या तोंडी जे संवाद येऊ शकत नव्हते, ते त्या फुंकीतून व्यक्त झाले.

मात्र पात्राच्या स्वभावाला संगीताने आकार कसा द्यावा, याचे पहिले लखलखीत उदाहरण ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हेच होय. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून स्फुरलेली ही कथा होती. खुनाच्या गुन्ह्याखाली शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना घेऊन एक जेलर माळरानावर जातो. हे सहा जण खुनी आहेत आणि केव्हाही उलटतील, ही धास्ती चित्रपटभर असते. अशा कथेत भीती वाढविणारे संगीत देणे सोपे होते. देसाई यांनी त्यांना प्रार्थना दिली. साधी, कोणालाही म्हणता येईल अशी चाल. ती ऐकता ऐकता प्रेक्षकाची त्या सहा जणांकडे पाहण्याची दृष्टी पालटते. गुन्हेगाराचा माणूस होणे संवादांनी सांगितले असते तर ते उपदेशासारखे वाटले असते. सुरांनी सांगितले म्हणून ते पटले. या चित्रपटाला १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वलाचा सन्मान मिळाला.

त्यानंतरचे आव्हान आगळे होते. सुनील दत्त यांनी १९६४ मध्ये ‘यादें’ हा चित्रपट काढला. संपूर्ण चित्रपटात पडद्यावर एकच नट, तोही स्वतः दत्त. घरी परतलेल्या माणसाला पत्नी व मुले घरात दिसत नाहीत आणि तो आठवणी, अपराधभाव व भीती यांच्या गर्तेत सापडतो. बाकीची पात्रे केवळ आवाज, सावल्या आणि निर्जीव वस्तू यांतून येतात. जे पात्र दिसतच नाही, त्याचे अस्तित्व प्रेक्षकाला जाणवून देण्याचे काम येथे ध्वनी आणि संगीत यांच्यावर येऊन पडले. हा प्रयोग तिकीट खिडकीवर यशस्वी ठरला नाही, परंतु एका माणसाच्या मनाचा रहस्यपट म्हणून तो आजही अभ्यासावा असा आहे.

या वाटचालीचा कळस म्हणजे गुलजार यांचा ‘अचानक’ (१९७३). ख्वाजा अहमद अब्बास यांच्या कथेवरील या चित्रपटात एकही गाणे नव्हते. याआधी बी. आर. चोप्रा यांच्या संस्थेने ‘कानून’ (१९६०) आणि ‘इत्तेफाक’ (१९६९) हे गीतविरहित रहस्यपट काढले होते आणि त्यांना सलिल चौधरी यांचे पार्श्वसंगीत होते. ‘अचानक’ची जातकुळी वेगळी होती. विनोद खन्ना यांनी रंगविलेला लष्करी अधिकारी पत्नीचा आणि मित्राचा खून करतो, हे येथे लपविलेले नाही. फाशीची शिक्षा झालेला हा कैदी पळतो, पोलिसांच्या गोळीने जबर जखमी होतो आणि डॉक्टर शर्थ करून त्याला वाचवितात; वाचवितात ते फासावर जाण्यासाठी. खून कोणी केला, हा प्रश्नच नाही. या माणसाविषयी आपल्याला काय वाटावे, हा प्रश्न आहे.

अशा कथेत संगीतकाराची कसोटी लागते. दचकविणारे सूर वाजविले तर नायक खलपुरुष होतो; करुण सूर आळविले तर खुनाचे समर्थन होते. देसाई यांच्यासारखा गीतांसाठी गाजलेला संगीतकार या चित्रपटात एकाही गाण्याचा आधार न घेता उभा राहिला. त्या काळी पार्श्वसंगीताच्या वेळी ध्वनिमुद्रणगृहात चित्रपटाचे एकेक रीळ पडद्यावर दाखवीत आणि वादक त्यासमोर बसून वाजवीत. सेकंदांचा हिशेब सांभाळावा लागे. कोठे थांबायचे हे ठरविण्यासाठी संगीतकाराला संपूर्ण कथा मनात मुरवून घ्यावी लागे.

चित्रपटाबाहेरही त्यांचा संचार मोठा होता. ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि ‘जय जय गौरीशंकर’ या संगीत नाटकांना त्यांनी चाली दिल्या. १९६६ मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात जी संस्कृत मंगल प्रार्थना गायिली, तिची स्वररचना देसाई यांची होती. समूहगानाच्या प्रसारासाठी त्यांनी परिश्रम घेतले आणि हजारो शाळकरी मुलांना एकत्र गाण्यास शिकविले. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत राहत्या इमारतीतील लिफ्टच्या अपघातात त्यांचा अंत झाला. ते अवघे ६३ वर्षांचे होते.

मुंबई दूरदर्शन तेव्हा तीन वर्षांचे होते. दूरचित्रवाणीवरील रहस्यमालिकांचे युग देसाई यांनी पाहिले नाही. पुढे २०१६ मध्ये त्यांच्याच कुडाळ तालुक्यातील आकेरी येथे चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका महाराष्ट्रभर पाहिली गेली आणि सिंधुदुर्गातील जुने घर व तेथील मालवणी बोली गूढकथेचे केंद्र बनली. दैनंदिन मालिकेचे गणित निराळे असते. रोजच्या भागासाठी नवे संगीत रचण्यास वेळ नसतो. पात्रागणिक आणि प्रसंगागणिक आधीच तयार केलेले तुकडे पुनःपुन्हा योजावे लागतात. त्यामुळे एकच चेहरा तीनदा दाखवून तीनदा आघात करण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. त्यातून प्रेक्षक दचकतो खरा, पण त्या चेहऱ्यामागील माणूस त्याला कळतोच असे नाही.

नेमके हेच वसंत देसाई यांना साधले होते. खुन्याच्या, अपराध्याच्या, एकाकी माणसाच्या मनात काय चालले आहे याकडे त्यांचे संगीत कान देत असे. आज दोडामार्ग, सावंतवाडी, कुडाळ परिसरातील तरुण हातातल्या मोबाइलवर लघुपट करतात आणि संगणकावरील तयार संगीत त्याला जोडतात. त्यांनी एकदा ‘अचानक’ पाहावा, डोळे मिटून त्याचा काही भाग केवळ ऐकावा. आपल्याच मातीतल्या एका संगीतकाराने गाणे बाजूला ठेवून काय साधले होते, हे त्यांना तेथे ऐकू येईल.