सफरचंदाची ममी ते धनिणीची बाग : मुलांना हाताने शिकवणारे कर्मवीर कोण होते?

सफरचंदाच्या फोडी मीठ आणि खाण्याच्या सोड्यात पुरायच्या, आठवडाभर रोज वजन करायचे आणि शेवटी कापडाच्या पट्ट्या गुंडाळायच्या. इजिप्तच्या ममीचा धडा शिकवण्याची ही सोपी पद्धत. प्राचीन इजिप्तमध्ये नेट्रॉन नावाच्या नैसर्गिक क्षारात मृतदेह सुमारे ४० दिवस वाळवत. सगळा विधी पूर्ण व्हायला ७० दिवस लागत. ओलावा गेला की कुजणे थांबते, हे वजन घटताना पाहिले की मुलांना पाठ करावे लागत नाही.

अशा शिकण्याला आज ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ म्हणतात. सातारा-सांगली भागात मात्र शंभर वर्षांपूर्वी मुलांचे हात नुसते शिकत नव्हते, शिकण्याचा खर्चही भागवत होते. हा विचार रुजवला कर्मवीर भाऊराव पाटील यांनी.

नांगर विकणारा शिक्षक

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजचा. मूळ गाव सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. कोल्हापुरात शिकताना इंग्रजी शाळेचे शिक्षण अर्धवट राहिले. मग साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी गावोगाव फिरले. शेतकऱ्याच्या दारात उभे राहिल्यावर त्यांना दिसले, की पोराला शाळेत घालायला घरात पैसा नाही आणि शाळाही जवळ नाही.

रयत शिक्षण संस्था कशी सुरू झाली?

सांगलीजवळच्या दुधगावात त्यांनी सहकाऱ्यांसह विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा पहिला प्रयोग केला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये कारभार साताऱ्यात आला. धनिणीच्या बागेतील वसतिगृहाला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले.

इथे मुले पाणी भरायची, स्वयंपाक करायची, शेतात राबायची. सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवायची. पाणी कोणी भरायचे आणि कोणाच्या हातचे खायचे यावरून माणसे दूर ठेवली जात, त्या काळातली ही गोष्ट. समतेवर वेगळा तास घ्यावा लागला नाही. चुलीपाशी तो रोज होत होता.

किंमत कोणी मोजली?

मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. गावांतून मूठ-मूठ धान्य जमवून वसतिगृहे चालली. स्वातंत्र्यानंतर तत्कालीन मुंबई सरकारने काही काळ अनुदान थांबवले, तेव्हाही शाळा लोकांच्या वर्गणीवर तगल्या.

बडोद्याशी नाते काय?

१९४० मध्ये साताऱ्यात संस्थेचे पहिले हायस्कूल उघडले. त्याला महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे नाव देण्यात आले. बडोदा संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणणारे हेच सयाजीराव. त्यांनी उभारलेल्या बडोद्याच्या संग्रहालयात आजही इजिप्तची खरी ममी पाहायला मिळते.

१९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना महाविद्यालयापर्यंत पोहोचली. फी नाही म्हणून कोणी परत जायचे नाही. काम करा, शिका, आणि त्या कामाची लाज बाळगू नका, असा तिचा अर्थ होता.

आज त्याचे काय?

१९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. वटवृक्षाचे बोधचिन्ह असलेल्या त्यांच्या संस्थेच्या शाळा आणि महाविद्यालये आज राज्याच्या अनेक जिल्ह्यांत आहेत.

शाळेचा प्रकल्प दुकानातून तयार आणला किंवा पालकांनी रात्री जागून केला, तर वहीत गुण मिळतात, पण ओलावा का गेला ते मूल शिकत नाही. मीठ मुलाच्याच हाताला लागायला हवे. भाऊरावांनी हातांवर विश्वास ठेवला तो याचसाठी. त्यांच्या मुलांकडे तर हातांशिवाय दुसरे भांडवलच नव्हते.