निष्पर्ण वृक्षांचा गुरू : कार्ल लिनियस

स्वीडन देशात एका धर्मोपदेशकाच्या घरी १७०७ साली कार्ल लिनियस जन्मला. १७४१ साली तो उप्साला येथे प्राध्यापक झाला. त्याची वनस्पतींची सहल म्हणजे जणू वरातच! शेकडो विद्यार्थी दिवसभर रानोमाळ हिंडत आणि सायंकाळी शिंगे व नगारे वाजवीत नगरात परतत. काही वडीलधाऱ्यांस हा थाट रुचला नाही. परंतु हसत घेतलेली विद्या मनात खोल रुजते, हे तो जाणून होता. आपल्या आपट्याच्या व कांचनाच्या वर्गास बाउहिन नामक दोघा वनस्पतिज्ञ बंधूंचे नाव आहे. त्यांच्या जोडपानात लिनियसला ते भाऊच दिसले!

पण हिवाळ्यात पाने गळाल्यावर वृक्ष ओळखावा कसा? १७४९ साली त्याच्या मार्गदर्शनाखाली लोफलिंग या शिष्याने फांद्यांवरील डोळ्यांविषयी प्रबंध सादर केला. डोळ्याची घडण व त्यावरील खवले पाहिले, की उघडा वृक्षही आपली ओळख देतो. हा गुणी शिष्य १७५६ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, दक्षिण अमेरिकेत वनस्पती शोधीत असता निवर्तला. गुरू १७७८ साली गेला.

शिशिरात सावर पर्णहीन होते, तेव्हा तिला वठलेली समजू नये. तिच्या डोळ्यांकडे पाहावे, असे आम्ही आमच्या विद्यार्थिबंधूंस सुचवितो.