मुंबईतील प्लेग ओळखणारे डॉ. व्हिएगस

गोव्यातील हडफडे येथे १८५६ मध्ये जन्मलेले डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतील रुग्णांचा तीव्र ताप व गाठी तपासून त्यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. व्यापारी बंदराला ही वार्ता जड जाणारी होती. तरीही त्यांनी ती महापालिकेपुढे मांडली. पुढील तपासणीत निदान खरे ठरले. जानेवारी १८९७ मध्ये डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस सिद्ध केली. व्हिएगस पुढे महापालिकेचे अध्यक्ष झाले. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. साथनियंत्रणाचा आरंभ पहिल्या रुग्णांच्या निर्भीड नोंदीतून होतो, हे त्यांच्या कार्याने दाखवून दिले.