कमवा आणि शिका : कर्मवीरांचे अर्थशास्त्र

देश स्वतंत्र होण्यास अजून दोन महिन्यांचा अवधी होता. 1947 च्या त्या जून महिन्यात साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. महाविद्यालये त्यापूर्वीही निघाली होती. पण या महाविद्यालयाची मांडणी निराळी होती. येथे शुल्क घेतले जाणार नव्हते. विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या आवारातच राहावयाचे, दिवसाचे काही तास अंगमेहनतीचे काम करावयाचे आणि त्या कामाच्या मोबदल्यात आपल्या जेवणाखाण्याची तरतूद करावयाची, अशी ती योजना होती. सातारा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून मॅट्रिक झालेल्या मुलास तोवर पुढे शिकावयाचे तर पुणे, कोल्हापूर किंवा सांगली गाठावी लागे. आणि तेथील खर्चाचा अंदाज ऐकूनच बहुतेक बाप मुलाच्या हाती पुन्हा नांगर देत. ज्या गृहस्थाने हे महाविद्यालय काढले तो स्वतः मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झालेला नव्हता. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील.

हुशार पण गरीब विद्यार्थ्यास विद्यापीठाने हात कसा द्यावा, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. शिष्यवृत्त्या आहेत, शुल्कमाफी आहे, राज्यातील काही विद्यापीठांतून कमवा व शिका या नावाची योजनाही आहे, आणि पुणे विद्यापीठाच्या योजनेस तर कर्मवीरांचेच नाव दिलेले आहे. तथापि नाव घेतले म्हणजे विचार घेतला असे होत नाही. म्हणून या माणसाच्या आयुष्याकडे जयंती-पुण्यतिथीच्या पलीकडे जाऊन पाहणे अगत्याचे आहे.

वसतिगृहातून बाहेर

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज येथे झाला. घराणे जैन, मूळचे कर्नाटकातील मूडबिद्रीचे. पुढे ऐतवडे बुद्रुक येथे स्थायिक झालेले. वडील महसूल खात्यात नोकरीस असल्याने मुलाचे शिक्षण ठिकठिकाणी झाले. पुढे कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात नाव घातले गेले आणि राहण्याची सोय जैन बोर्डिंगात झाली. अभ्यासात त्यांची गती बेताचीच होती. कुस्ती, पोहणे आणि मित्रमेळा यांत मन अधिक रमे.

त्या काळचे कोल्हापूर शाहू महाराजांचे होते. जातीजातींसाठी वसतिगृहे काढून बहुजन समाजाच्या मुलांस शहरात राहण्याची सोय करून देण्याचा महाराजांचा उपक्रम ऐन भरात होता. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह 1908 मध्ये निघाले. त्या समारंभास भाऊराव गेले आणि परतल्यावर शुद्धीकरणाचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी जैन बोर्डिंगातून त्यांना बाहेर पडावे लागले. त्या बोर्डिंगाचे व्यवस्थापक अण्णासाहेब लठ्ठे होते. इंग्रजी सहावीच्या पुढे भाऊरावांचे शिक्षण गेले नाही.

याच लठ्ठ्यांच्या संदर्भात काही वर्षांनी एक प्रसंग उद्भवला. कोल्हापुरात राजपुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण 1914 मध्ये उपस्थित झाले. त्यात लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, असे दडपण भाऊरावांवर आले. वसतिगृहातून घालवून देणाऱ्या माणसावर सूड उगवण्याची संधी आयती चालून आली होती. भाऊरावांनी साक्ष देण्याचे नाकारले, छळ सोसला, तुरुंगवास पत्करला. उत्तरायुष्यात जातिभेद न मानणारी जी वसतिगृहे त्यांनी चालविली, त्यांचा पाया अशा प्रसंगांत घातला गेलेला दिसतो. ज्याने स्वतः वसतिगृहाचे दार बंद होताना पाहिले, त्यास ते दार कोणासाठी उघडे ठेवावयाचे हे वेगळे शिकवावे लागले नाही.

शुल्कापलीकडचा खर्च

पोटासाठी भाऊरावांनी अनेक उद्योग केले. साताऱ्यास मुलांच्या शिकवण्या केल्या, ओगल्यांच्या काचकारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे प्रतिनिधी म्हणून ते गावोगाव हिंडले, पुढे साताऱ्यास कूपर यांच्या नांगर-कारखान्याच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला आणि मतभेद होताच त्यातून ते बाहेर पडले. या भटकंतीचा लाभ असा झाला की, शेतकऱ्याच्या घरातील जमाखर्च त्यांनी आतून पाहिला. लोखंडी नांगर पसंत असूनही विकत का घेतला जात नाही, हे ज्यास कळले त्यास मुलगा शाळेत का धाडला जात नाही, हेही कळणारच.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर शिक्षणाच्या खर्चाचे तीन भाग पडतात. पहिला शुल्काचा. दुसरा परगावी राहण्या-जेवण्याचा. तिसरा भाग डोळ्यांना दिसत नाही : मुलगा शाळेत गेला म्हणजे घरच्या शेतावरचे त्याचे काम आणि गुरांमागची त्याची पावले नाहीशी होतात. यालाच वैकल्पिक परिव्यय म्हणतात. सरकारे आणि दानशूर धनिक बहुधा पहिल्या भागाची माफी देऊन थांबतात. कारण ती देण्यास सोपी व जाहीर करण्यास सोयीची असते. गरीब कुटुंबाचे कंबरडे मोडते ते मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाने. भाऊरावांनी हा सिद्धान्त कोठल्याही ग्रंथात वाचलेला नव्हता. पण त्यांची सगळी धडपड या दोन भागांभोवती फिरत राहिली.

म्हणूनच त्यांनी आरंभ शाळेपासून न करता वसतिगृहापासून केला. दुधगाव येथे 1910 च्या सुमारास सहकाऱ्यांच्या साह्याने विद्यार्थी आश्रम निघाला. नेर्ले येथेही असाच प्रयत्न झाला. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेचा कारभार 1924 मध्ये साताऱ्यास आला आणि तेथे सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले.

धनिणीच्या बागेतल्या त्या बोर्डिंगात महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशी मुले एका पंक्तीस जेवत. स्वयंपाकपाणी, झाडलोट, बागकाम ही सगळी कामे पाळीपाळीने सगळ्यांची. यात एक मर्म होते. काम जर केवळ गरिबानेच करावयाचे असेल तर ते दारिद्र्याचे पदक होऊन छातीवर मिरते. सर्वांनी करावयाचे ठरले म्हणजे ती संस्थेची रीत होते. कष्ट करणाऱ्या विद्यार्थ्यास वरमून जावे लागत नव्हते ते यामुळे.

या संसाराचा भार भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वाहिला. माहेरच्या सुखवस्तू वातावरणातून आलेल्या या बाईंनी निरनिराळ्या जातींच्या मुलांना पोटच्या पोरांप्रमाणे सांभाळले. दागिने एकेक करून गेले. आणि एका प्रसंगी घरात धान्याचा दाणा उरला नाही तेव्हा मंगळसूत्रही विकून त्यांनी मुलांच्या मुखी घास घातला. 1930 मध्ये त्या निवर्तल्या. आज कोट्यवधींच्या अंदाजपत्रकांतून उभ्या राहणाऱ्या शिष्यवृत्ती योजनांच्या इतिहासात या मंगळसूत्राची नोंद कोठे करावी, हा प्रश्नच आहे.

मॅट्रिकच्या पुढे

पुणे करारानंतर 1932 मध्ये पुण्यास युनियन बोर्डिंग निघाले. 1935 मध्ये साताऱ्यास शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय सुरू झाले, कारण खेड्यात शाळा काढावयाची तर खेड्यात राहण्यास तयार असलेला शिक्षक आधी घडवावयास हवा. तिसाव्या दशकाच्या अखेरीपासून जेथे शाळा नाही अशा वाड्यावस्त्यांवर व्हॉलंटरी शाळांचे जाळे पसरले. 1940 मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तेही विनाशुल्क आणि निवासी. या क्रमाकडे लक्ष दिले पाहिजे. आधी निवारा, मग शिक्षक, मग प्राथमिक शाळा, मग माध्यमिक, आणि शेवटी 1947 मध्ये महाविद्यालय. गावच्या पोराने ज्या पायरीवर अडावे, ती पायरी बांधावयाची, अशी ही रीत होती.

शिवाजी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी खडकाळ जमीन सपाट केली, दगड फोडले, बांधकामावर घाम गाळला, शेती केली. बॅरिस्टर पी. जी. पाटील यांच्यासारखा संस्थेच्याच आश्रयाने वाढलेला विद्यार्थी परदेशी जाऊन उच्च शिक्षण घेऊन परतला, संस्थेत शिकवू लागला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. ही अपवादात्मक कथा मानून सोडून देता येणार नाही. संस्थेच्या मदतीने शिकलेली कितीतरी मुले तुटपुंज्या वेतनावर आजीव सेवक म्हणून संस्थेतच राहिली. शिष्यवृत्तीची परतफेड पैशात न होता पुढच्या पिढीच्या शिकवणीत झाली. कोणत्याही कर्जरोख्यापेक्षा हा व्यवहार अधिक सुरक्षित ठरला.

योजनेचे दोष झाकण्याचे कारण नाही. अंगमेहनतीचे तास अभ्यासाच्या वेळातून जात, आणि प्रकृतीने नाजूक मुलास ही दिनचर्या जड जाई. मुलींच्या वाट्यास या सोयी मुलांच्या मानाने उशिरा व कमी आल्या. आणि सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे, विद्यार्थ्याच्या श्रमातून त्याचे जेवण निघू शकते, प्राध्यापकांचे वेतन आणि प्रयोगशाळा निघू शकत नाही. हे भाऊराव पुरते ओळखून होते.

स्वावलंबन आणि अनुदान

या ठिकाणी कर्मवीरांच्या नावाचा सर्वाधिक गैरवापर होण्याचा संभव आहे. स्वावलंबनाचा त्यांचा आग्रह पुढे करून शासनाने आपली जबाबदारी अंगाबाहेर टाकावी, असा युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. तो त्यांच्या चरित्राशी विसंगत आहे. भाऊरावांनी लोकांकडून धान्य घेतले, संस्थानिकांकडून देणग्या घेतल्या आणि सरकारकडून अनुदानही हक्काने घेतले. गांधीहत्येनंतरच्या काळात मुंबई सरकारशी त्यांचे बिनसले आणि संस्थेचे अनुदान बंद झाले, तेव्हा संस्थेची अवस्था बिकट झाली. लोकांनी झोळ्या घेऊन मदत केली, शिक्षकांनी झळ सोसली. पण केवळ त्यावर एवढा पसारा चालणे शक्य नव्हते. गाडगे महाराजांसारख्यांनी मध्यस्थी केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. पुढे 1954 मध्ये कऱ्हाडला निघालेल्या महाविद्यालयास भाऊरावांनी गाडगे महाराजांचे नाव दिले.

या प्रसंगाचा बोध स्पष्ट आहे. विद्यार्थ्याचे श्रम, समाजाचे दान आणि शासनाचे अनुदान हे तीन दगड मांडले तरच चूल पेटते. एक काढून घेतला तर उरलेल्या दोहोंवर भांडे ठरत नाही.

भाऊरावांना 1959 मध्ये पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही सन्मान्य पदवी दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाच्या कार्याची ती विद्यापीठाने दिलेली पावती होती. 9 मे 1959 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तोवर संस्थेच्या माध्यमिक शाळांची संख्या शंभरावर गेली होती आणि तीन महाविद्यालये उभी होती. साताऱ्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठही 2021 मध्ये स्थापन झाले.

आता प्रश्न उरतो तो आजच्या व्यवस्थेचा. कमवा व शिका योजनेतील विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात वा बागेत काही तास काम करतो आणि त्याचा मोबदला घेतो. त्या मोबदल्यातून त्याच्या खानावळीचे महिन्याचे बिल भागते काय, ही या योजनेची एकमेव कसोटी असली पाहिजे. भागत नसेल तर ती कर्मवीरांची योजना नव्हे. तिचे केवळ नाव कर्मवीरांचे आहे. मोबदल्याचा दर वर्षानुवर्षे गोठवून न ठेवता तो खानावळीच्या दराशी जोडावा. परिसरातील शाळांतून बारावी उत्तीर्ण होणाऱ्या मुलामुलींस प्रवेशाबरोबरच वसतिगृहातील खाट मिळेल, अशी हमी विद्यापीठांनी द्यावी. शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष सरल्यावर न देता सत्राच्या आरंभी द्यावी, कारण खानावळवाला वर्षभर थांबत नाही. आणि श्रमाचे काही तास गरीब-श्रीमंत सर्वच विद्यार्थ्यांसाठी ठेवावेत.

यात अशक्य असे काही नाही. साताऱ्याच्या एका बागेत, याहून कितीतरी अपुऱ्या साधनांनिशी, हे करून दाखविले गेले आहे. दर वर्षी जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत उभा राहिलेला एखादा मुलगा शुल्कमाफीचा कागद हाती असूनही राहण्या-जेवण्याचा हिशेब न जुळल्याने गावाकडे परत फिरतो. तो परत फिरणार नाही, एवढी व्यवस्था झाली तरी कर्मवीरांच्या नावाचा उच्चार करण्याचा अधिकार आपल्याला पोहोचेल.