डॉ. चौरी-मुथू आणि तांबरमचे आरोग्यधाम

वाचकहो, तांबरम हे मद्रासजवळचे गाव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल ते १९३८ च्या डिसेंबरात तेथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेमुळे. मद्रास ख्रिश्चन कॉलेज आदल्या वर्षी शहरातून तांबरमला आले होते व त्याच्या नव्या आवारात देशोदेशींच्या मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले होते. कॉलेज हलले त्याच वर्षी, म्हणजे १९३७ साली, त्याच गावी आणखी एक गोष्ट घडली. एका डॉक्टरने स्वतःच्या हिंमतीवर उभारलेले क्षयरोग्यांचे आरोग्यधाम मद्रास सरकारने आपल्याकडे घेतले. त्या डॉक्टरची ओळख आज आपल्याला करून द्यावयाची आहे.

त्यांचे नाव डेव्हिड जेकब एरन चौरी-मुथू. नावातच त्यांच्या तमिळ ख्रिस्ती घराण्याचा परिचय होतो. दावीद, याकोब व अहरोन तर आपल्या ओळखीचे आहेतच. चौरी म्हणजे तमिळ जिभेवर रुळलेला झेवियर. (भाषांतराचे काम करणाऱ्याला नावे उलगडून पाहण्याची खोड असते, वाचकांनी क्षमा करावी.) वैद्यक शिकून ते इंग्लंडात स्थायिक झाले. सॉमरसेट परगण्यातील वेल्स गावाजवळ मेंडिप टेकड्यांवर त्यांनी क्षयरोग्यांचे आरोग्यधाम चालविले. इंग्रज रोग्यांनी हिंदी डॉक्टरच्या हाती आपला जीव सोपवावा, हे त्या काळी सामान्य नव्हते. १९१७ साली गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन हेही त्यांच्याकडे रोगी म्हणून राहिले. ते तेथे फार दिवस टिकले नाहीत. आणि त्यांचा आजार खरोखर क्षयच होता काय, याविषयी पुढे अभ्यासकांनी शंका घेतली आहे.

त्या काळच्या उपचाराची कल्पना आज येणे कठीण. जर्मनीत रॉबर्ट कॉक यांनी १८८२ मध्ये क्षयाचे जंतू दाखवून दिले होते, परंतु त्यांना मारणारे औषध नव्हते. आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या आणि १८८७ मध्ये क्षयानेच गेल्या. मोकळी हवा, विश्रांती, सकस अन्न आणि शक्ती येईल तसतसे बेताचे चालणे व काम, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. मुथू यांचा या पद्धतीवर दृढ विश्वास होता व आरोग्यधामांतील आपल्या दीर्घ अनुभवावर त्यांनी ग्रंथही लिहिला. एकट्या जंतूवर सर्व दोष ठेवणे त्यांना पटत नसे. कोंदट घरे, अपुरे अन्न व अतिश्रम यांनी माणूस खचतो, मग रोग त्याला गाठतो, असे ते मानीत. जंतूचे महत्त्व त्यांनी कमी लेखले, ही त्यांची चूकच म्हणावी लागेल. गरिबीविषयी मात्र ते चुकले नाहीत.

१९२८ साली त्यांनी तांबरमला आरोग्यधाम उघडले, तेव्हा खाटा होत्या बारा. वाचकहो, आपण साधा हिशेब करू. अशा उपचाराला महिनेच्या महिने लागत. रोगी सहा महिने राहिला असे धरले, तर बारा खाटांवर वर्षभरात चोवीस माणसांची सोय होते. मद्रास शहर तेवढे जवळ; तेथील चाळवजा वस्त्यांतील रोगी किती! शिवाय ज्याची रोजची मजुरी बुडते, तो सहा महिने आरोग्यधामात कसा राहणार? एकट्या डॉक्टरची सेवा कितीही मनापासून असो, या ठिकाणी येऊन ती अडते. मिशन इस्पितळांनाही हा अनुभव आहे. मिरजेला डॉ. वानलेस यांच्या नावाने वानलेसवाडीचे क्षयरोग आरोग्यधाम उभे राहिले. त्याची कीर्ती दूरवर होती, पण महाराष्ट्रातील सारे क्षयरोगी त्यात मावणे शक्य नव्हते.

१९३७ चे हस्तांतर या दृष्टीने पाहावे. आपण लावलेले झाड दुसऱ्याच्या आवारात जाऊ देणे कोणाही संस्थापकाला जड जाते. आपल्या संस्थांच्या विश्वस्तसभांत बसलेल्यांना हे मी सांगावयास नको. सरकारी कारभारात ओलावा राहात नाही ही तक्रार जुनी आहे आणि ती नेहमीच खोटी नसते. तरीही सरकारकडे गेल्यामुळेच ते आरोग्यधाम बारा खाटांवरून शेकडो खाटांचे झाले, आणि ज्याच्या खिशात काही नाही त्यालाही तेथे जाण्याचा हक्क मिळाला. दुसऱ्या बाजूने पाहिले तर सरकारला आयती जागा, चाललेले काम व शुश्रूषेची घडी लाभली, ती एका खासगी डॉक्टरमुळे. शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. खासगी सेवक व सरकारी खाते यांनी एकमेकांचे ऐकावे, हे अजूनही सहज घडत नाही. खासगी डॉक्टरांनी क्षयरोग्यांची नोंद सरकारला कळविली पाहिजे, असा आदेश आपल्या देशात निघाला तो २०१२ साली.

मुथू यांची उपचारपद्धती टिकली नाही. मद्रासमध्येच १९५६ साली सुरू झालेल्या संशोधनाने, घरी राहून औषधे घेणारे रोगी आरोग्यधामातील रोग्यांइतकेच बरे होतात, हे १९५९ मध्ये सिद्ध केले. मोकळ्या हवेची सक्ती गेली. तांबरमच्या इमारतींचा उपयोग मात्र संपला नव्हता.

१९८६ साली मद्रासमध्ये भारतातील पहिले एचआयव्ही बाधित आढळले. तो शोध लावणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये वसलेल्या मराठी घराण्यातील. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील काम सोडून त्यांनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने स्वतंत्र सेवाकेंद्र काढले. पुष्कळ खासगी रुग्णालये या रोग्यांना दारात उभे करीत नव्हती. त्यांना दाखल करून घेणाऱ्या सरकारी रुग्णालयांत तांबरमचे नाव पुढे होते. १ एप्रिल २००४ रोजी देशातील ज्या आठ रुग्णालयांत एचआयव्हीवरील औषधे मोफत देण्यास आरंभ झाला, त्यांपैकी ते एक.

आता त्याचे नाव शासकीय वक्षरोग रुग्णालय असे आहे. लोकांच्या तोंडी मात्र जुनाच शब्द राहिला. चेन्नईहून तांबरमकडे जाणाऱ्या लोकलने आपण निघालात, तर तांबरमच्या अलीकडचे स्थानक लागते, ते तांबरम सॅनेटोरियम.